आवडाआत्याच्या ढलप्या

आपल्या ओढ्यावर पूल नव्हता आणि पलीकडच्या गावाला जायचं तर धोतर गुडघ्यावर घ्यावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. गप्प बसून ऐका. मधे कुणी हसलं तर मी उठून जाईन, सांगून ठेवतो. ही आपल्याच गावाची मान खाली घालणारी गोष्ट आहे, आणि तरी ती दर वर्षी सांगायचीच असं ठरलेलं आहे.

गावात आवडा नावाची म्हातारी होती. लहानथोर सगळे तिला आत्या म्हणत. ती सुईण होती, निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तरुणपणी ती घाटात पडली आणि तिचा उजवा खांदा निखळला, तो पुन्हा नीट बसलाच नाही. हात डोक्याच्या वर जाईना. मग कुऱ्हाड कशी चालवणार? पण बाळंतिणीच्या शेकाला धूर न करणारं लाकूड हवं. म्हणून आत्या अंगणात फतकल मारून बसायची, ओंडका उभा करायची, त्याच्या माथ्यावर हातभर लांबीचा जाड कोयता ठेवायची आणि कोयत्याच्या पाठीवर लाकडी सोटा हाणायची. ठक, ठक, ठक. पातं हळूहळू आत शिरायचं आणि लाकूड आपल्या शिरेशिरेनं उकलायचं. वरचा ओला भाग ती बाजूला टाकायची आणि आतल्या कोरड्या गाभ्याच्या बोटाएवढ्या ढलप्या रचून ठेवायची. तिच्या ढलपीचा धूर कधी कुणी पाहिला नाही, असं म्हणतात.

गावच्या गड्यांना याची मोठी गंमत वाटायची. त्यात रायाजी म्हणजे कुऱ्हाडीचा पट्टीचा गडी आणि होळीचा पुढारी.

"काय आत्या," तो जाता-येता म्हणायचा, "लाकूड फोडताय का थोपटून निजवताय?"

आत्या हसायची. सोटा काही थांबायचा नाही.

ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या साली पलीकडच्या गावानं आपल्यापेक्षा उंच होळी लावली होती. ते रायाजीला फार झोंबलं होतं. आता होळीला कुणाचंही लाकूड उचलावं आणि ज्याचं गेलं त्यानं ब्र काढू नये, ही सगळीकडची रीत. पण एरवी पोरंटोरं चार काटक्या पळवतात. त्या वर्षी बाप्ये निघाले. त्यांनी दारादारांतली वाळकी लाकडं नेली, गोवऱ्यांचे रचलेले हुडवे उपसले, मोडक्या बाजासुद्धा सोडल्या नाहीत. गावात कुणाकडे वाळलेली काडी ठेवली नाही. शेवटी सगळे आत्याच्या अंगणात आले. तिथं ढलप्यांची कंबरभर रास होती.

आत्या आडवी आली. "नगा रं नेऊ. ते बाळंतिणीचं हाये."

"आत्या, होळीचं लाकूड मागं मागत न्हाईत!" असं म्हणून रायाजीनं तोंडावर हात नेला आणि बोंब ठोकली. मागच्या सगळ्यांनी ठोकली. आत्या काहीतरी ओरडून सांगत होती, तिचे ओठ हलत होते. ती काय म्हणते ते कळायला थोडा वेळ गप्प बसायला हवं होतं. कुणी बसलं नाही. नावं सांगत नाही, त्यांचीच पतवंडं इथं समोर बसलीत.

होळी ताडाएवढी झाली म्हणे. काय करायची आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ फाटलं. गारा अशा पडल्या की कौलं फुटली आणि उघड्यावरचा ओंडका न् ओंडका निथळायला लागला. त्याच वेळी रायाजीच्या बायकोला, बयजाला, कळा सुरू झाल्या. तिचे दिवस भरले नव्हते. ही लवकर मोकळी होणार हे ओळखलं होतं फक्त आत्यानं. ती भिजत धावत आली. मूल झालं, पण एवढंसं, निळं पडलेलं, रडेना. बयजा थंडीनं अशी थडथडत होती की बाज हलत होती. रायाजीनं कुऱ्हाडीनं ओंडके फोडले, चुलीत कोंबले. नुसता धूर. सगळं घर खोकायला लागलं.

"आत्या," रायाजी म्हणाला, "तुमच्या त्या ढलप्या..."

"काल तेच सांगत हुते," आत्या म्हणाली. "तुझ्याच बयजाचं हाये म्हनून."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं रायाजीला झालं. आत्या एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसल्या असत्या.

तिनं मूल बयजाच्या सासूच्या पोटाशी दिलं आणि गारांतच आपल्या अंगणात जाऊन बसली. रायाजी मागे धावला, कोयता हिसकून त्यानं ओंडक्यावर घाव घातला. कोयता सटकून चिखलात गेला.

"त्यो हानायचा न्हाई, ठेवायचा," आत्या म्हणाली, आणि तिनं कोयता परत घेतला.

मग जे झालं ते मी पाहिलेलं नाही, पण असं म्हणतात की ठक ठक वाजायला लागलं तेव्हा गारांचा आवाज ऐकू येईना. असं म्हणतात की कोयता तापून लाल झाला आणि पडलेली गार त्याच्यावर चुरचुरत उडून जाऊ लागली. ओढ्याकाठी कवेत न मावणारा खैर पडला होता, तो लोकांनी ओढत आणला आणि आत्यानं तो फणस उकलावा तसा उकलला. आतून कोरडा ठणठणीत गाभा निघाला. दिवेलागणीला शेगडी फुलली आणि मूल असं रडलं की बाहेर उभे असलेले बाप्येही रडले.

आता पुढचं सांगायला मला जड जातं. शेगडी बयजाच्या बाजेखाली होती, खैराचा सगळा गाभा घालून चूल भरून पेटली होती आणि सगळं गाव तिच्याभोवती शेकत बसलं होतं. ओल्या लुगड्यातल्या आत्याला "जवळ बस" म्हणायचं कुणालाही सुचलं नाही. ती पडवीत भिंतीला टेकली. सकाळी उठवायला गेले तर ती गेली होती.

आणि तिच्या चितेला गावात वाळलेलं लाकूड नव्हतं.

मग घराघरांतून कोयते निघाले. कुऱ्हाडीचे एवढे बहाद्दर, पण तिच्या अंगणात मांडी घालून बसले आणि कोयता ठेवून सोट्यानं बडवत राहिले. कुणाला जमेना. बोटं चेचली, ढलप्या वेड्यावाकड्या निघाल्या, निम्म्या ओल्याच. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. चिता धुमसत राहिली आणि जिनं जन्मभर दुसऱ्यांना धुरापासून वाचवलं, ती धुरात गेली.

तेव्हापासून आपल्या गावची होळी पंचक्रोशीत सगळ्यांत बुटकी असते. तिला लाकूड कोयत्यानंच फोडलेलं लागतं, आणि बोंब कुणी मारत नाही. पलीकडचे हसतात. हसू देत. होळीच्या दिवशी बाप्ये दारोदार जातात आणि हळू आवाजात विचारतात, "हे कुणासाठी ठेवलंय?" उत्तर येईपर्यंत लाकडाला हात लावत नाहीत.

आत्याच्या जागेवर आता घर नाही, नुसता चौथरा आणि एक आंबा आहे. तिथंही थांबून विचारतात. सगळे मान खाली घालून वाट बघतात. उत्तर येत नाही, मग रिकाम्या हातानं पुढं जातात. त्या आंब्याची वाळकी फांदी पडते तिथंच कुजते.