पिपाणी आणि तित्तिराचे पीस

माणूस पाखरांना त्यांच्याच बोलीत हाका मारून फसवू लागला, त्या काळातली ही गोष्ट. शेरू शिकाऱ्याची बांबूची पिपाणी तित्तिरासारखी बोले. फुंकताना तिच्यात थुंकी साचली की आवाज घोगरा होई आणि पाखरे सावध होत. म्हणून तो तित्तिराच्याच पिसाने ती रोज साफ करी.

एकदा पिपाणी म्हणाली, "पिसा, आज थोडा मळ राहू दे. माझा आवाज बसला, तर तुझ्या माळावरची पिल्लं वाचतील."

"शहाणीच आहेस! मग तो मला ठेवील कशाला?" असे म्हणून पिसाने नळी लख्ख पुसली.

सकाळी पहिल्याच हाकेला एक कोवळी तित्तिरी धावत येऊन फासात अडकली. शेरूने तिच्या पंखातले एक पीस उपटून पिपाणीत फिरवले.

"हे चांगलं ताठ आहे," तो म्हणाला आणि जुने पीस त्याने तिथेच टाकून दिले.