नमस्कार लांबूनही पोचतो

फार जुनी गोष्ट आहे. रोमच्या सम्राटाचं राज्य तेव्हा समुद्राच्या दोन्ही काठांवर पसरलं होतं, आणि एका वर्षी त्या राज्यात तापाची साथ आली. सम्राटाने फर्मान काढलं, की गावोगावच्या वेशीवर शिळा बसवावी आणि तिच्यावर कोरावं, ‘सर्व देवांना आणि सर्व देवींना’. एकही देव रुसायला नको!

डोंगरातल्या एका लहानशा गावात साथ अजून पोचली नव्हती. तिथला गावप्रमुख भला माणूस, पण त्याला मिरवायची भारी हौस. आपली शिळा शेजारच्या गावाच्या शिळेपेक्षा हातभर मोठी झाली, तेव्हा कुठे त्याला झोप लागली. मग त्याने दवंडी पिटली, की आता वेशीचं दार उघडंच राहील, देव पहाऱ्यावर आहेत. ज्याने त्याने यावं आणि अक्षरांना हात लावून जावं.

लोक आले. दूरदूरचे तापाने फणफणलेलेही आले. सगळ्यांनी त्याच अक्षरांवर हात फिरवला आणि तोच हात तोंडाला लावला. आजाऱ्यांना निदान वेगळं ठेवा, असं प्रमुखाची बायको सांगत होती. त्याने तिलाच नास्तिक ठरवलं आणि शिळेला हात लावायला पाठवलं.

थोड्याच दिवसांत गावात ताप शिरला. प्रमुखाच्या बायकोनेही अंथरूण धरलं. मग मात्र त्याच्या पायाखालची जमीन सरकली. शिळेसमोर जाऊन तो देवांशी तावातावाने भांडला, रडलाही. घरी परतून बायकोच्या उशाशी बसला आणि म्हणाला, “एवढ्या देवांना बोलावलं, एकही आला नाही.”

तापातही तिची जीभ शाबूत होती. “आले असतील हो,” ती म्हणाली. “पण तुम्ही दारात एवढी गर्दी जमवलीत, की त्यांना आत शिरायला वाट कुठे होती?”

प्रमुखाला हसूही आलं आणि लाजही वाटली. त्याने वेशीचं दार बंद केलं, पाथरवटाला बोलावलं आणि देवांच्या ओळीखाली आणखी एक ओळ कोरून घेतली: ‘शिळेला हात लावू नये. नमस्कार लांबूनही पोचतो.’ दगडावर कोरलेलं म्हटल्यावर लोकांनी ते निमूट पाळलं. आजाऱ्यांच्या उंबऱ्यावर पेज नेऊन ठेवायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं.

हळूहळू ताप ओसरला. बायको उठून बसली आणि पेजेत मीठ कमी आहे म्हणाली. त्या दिवशी प्रमुखाइतका सुखी माणूस साऱ्या राज्यात नव्हता.

पुढे सम्राटाचा अधिकारी पाहणीला आला. खालची ओळ कुणाच्या हुकमाने कोरली, असं त्याने दरडावून विचारलं.

“वरची सम्राटांच्या,” प्रमुख म्हणाला, “आणि खालची आमच्या घरच्या.”

अधिकाऱ्याने शिळेकडे नेलेला हात मागे घेतला आणि लांबूनच नमस्कार केला.

तात्पर्य: देवावर भरवसा जरूर ठेवावा, पण आपल्या वाटचं काम त्याच्यावर ढकलू नये.