राजाच्या शेजारचा पाट

"प्रत्येक पाहुण्याचा पाट माझ्या शेजारी हवा, आणि माझ्या बरोबरीने उंच मात्र कुणीही दिसता कामा नये! उद्या दुपारपर्यंत अशी भोजनशाळा सजव, नाहीतर घरदार सोडून राज्याबाहेर चालता हो!"

राजा भैरवसेनाने म्हादू सुताराला हा हुकूम सोडला.

झालं होतं असं. राजाने तळ्याकाठी पाहुण्यांच्या विश्रांतीसाठी एक महाल बांधला होता. डुंबायला कुंड, झुलायला झोपाळे, फिरायला नावा, सगळं कसं झकास! पण माणूस विश्रांतीला आला म्हणून काही मानपान घरी ठेवून येत नाही. पहिल्याच मेजवानीला सरदार भुजंगराव आणि सरदार रणधीर, दोघेही राजाच्या उजव्या हाताच्या एकाच पाटावर एकदम बसले. दोघांचीही अंगं भरभक्कम. पाट मोडला, भांडण मात्र चांगलं टिकलं. पाहुणे भरल्या पानांवरून उपाशी उठले आणि राजाची चारी मुलखांत शोभा झाली.

मग सगळ्यांनाच राजाशेजारी बसता येईल अशी भोजनशाळा सजवायला मोठमोठे कलावंत आले. एकाने चारी भिंतींना आरसे लावले. ज्याला त्याला आपल्या समोर राजा दिसू लागला खरा, पण आरशातला राजा डाव्या हाताने जेवत होता! पाहुण्यांना हसू आवरेना. दुसऱ्याने राजासाठी फिरतं उच्चासन केलं. आसन फिरलं, त्याबरोबर राजाचं डोकं फिरलं आणि हातातली कढी भुजंगरावांच्या पागोट्यात गेली. तिसऱ्याने गोल पंगत मांडली, तर गोलातही राजाला शेजारी दोनच! तिघांचीही बोळवण सीमेपार झाली. आता पाळी म्हादूची आली, कारण मोडलेला पाट त्याने घडवला होता. दोन सरदारांचं वजन त्याने लाकडाला आधी सांगून ठेवलं नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा.

म्हादू घरी येऊन गाठोडं बांधायला लागला. त्याची लेक चिमा चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. बापाचे भरलेले डोळे पाहून तिने सगळी हकिकत विचारून घेतली. हे घर, दारातलं बापाच्या हातचं ओसरीचं लाकूडकाम, सगळं सोडायचं? तेही दोन सरदारांच्या हट्टापायी? तिला असा राग आला की तव्यावरची भाकरी करपली.

मग काहीतरी सुचून ती एकदम हसली. "बा, सोड ते गाठोडं! सगळे पाट सारखे कर. एकही उंच नको."

"आणि राजाचा गं?"

"त्याचं मी बघते!"

सकाळी चिमा बापाबरोबर पाट घेऊन महालात गेली. तिने आरसे उतरवले, उच्चासन बाहेर ढकललं, जाडजाड पडदे काढून तळ्याकडची दारं सताड उघडली. गार वारा आत आला. सारवलेल्या जमिनीवर पाटांच्या ओळी, पाटाभोवती रांगोळी, पानापाशी समई आणि दोन ओळींमध्ये ऐसपैस वाट! प्रधानजी नाक मुरडत म्हणाले, "हे काय? ही तर लग्नघरची पंगत!"

"लग्नघरी माणसं पोटभर जेवतात, प्रधानजी!"

दुपारी पाहुणे आले. सगळेच पाट सारखे पाहून कुठल्या पाटासाठी भांडावं हेच कुणाला कळेना. शेवटी मुकाट्याने बसले. पानांवर भात पडला, वरण पडलं. तेवढ्यात राजा आला आणि दारातच थबकला.

"माझा पाट कुठाय?"

म्हादूने डोळे मिटून घेतले. चिमाने पुढे होऊन राजाच्या हातात तुपाचं भांडं आणि पळी दिली. "महाराज, घर कुणाचं?"

"माझं!"

"मग यजमान तुम्हीच! यजमानाने तूप वाढून 'सावकाश होऊ द्या' म्हटल्याशिवाय कुणी घास घेत नाही. तुम्ही ज्याच्या पानाशी जाल, तो तुमच्या शेजारी. आणि तुम्ही उभे, सगळे बसलेले. तुमच्या बरोबरीने उंच दिसेल कोण?"

राजाने भांड्याकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं. जन्मात त्याने कुणाला पाणीसुद्धा वाढलं नव्हतं!

तोच भुजंगराव गरजले, "पहिलं तूप मला!"

"छट्! मला!" रणधीर ओरडले.

"जरूर!" चिमा म्हणाली. "पण शेवटच्या पानावर तूप पडेपर्यंत सगळ्यांनाच थांबायचंय. ज्याला पहिलं तूप, त्याचं तूप आधी थिजणार!"

मग भुजंगराव गोड आवाजात म्हणाले, "रणधीरराव, तुम्ही वडीलधारे. आधी तुम्हाला!"

"छे छे! मान तुमचाच!"

दोघे एकमेकांना इतका आग्रह करू लागले की राजाला हसू फुटलं आणि तुपाची पहिली धार भलत्याच पाहुण्याच्या पानावर पडली. बघता बघता राजा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाढत गेला. "घ्या अजून! लाजू नका!" त्याचा आवाज चढला, अंगरखा तुपाने माखला. पाहुणे तृप्त होऊन ढेकर देत उठले.

आता मात्र राजाच्या पोटात कावळे ओरडू लागले. "चिमा, यजमान कधी जेवतो गं?"

"शेवटच्या पंगतीला, महाराज. वाढप्यांबरोबर."

राजा पाटावर बसला. डावीकडे आचारी बसला. उजव्या पाटावर चिमाने बापाला बसवलं. प्रधानजी कडाडले, "राजाच्या उजव्या हाताला सुतार? त्या पाटासाठी सरदार जीव टाकत होते!"

"ते सगळे तर जेवून उठले, प्रधानजी!" चिमा म्हणाली. "बोलवा की परत. पोटात जागा असेल तर येतील!"

राजा इतका हसला की त्याला ठसकाच लागला. म्हादूने घाईघाईने पाण्याचा पेला पुढे केला. पाणी पिऊन राजाने आपल्या मनगटातलं सोन्याचं कडं काढलं, चिमाच्या हातात घातलं आणि म्हणाला, "आजपासून ही भोजनशाळा तुझ्या हुकमात! आणि म्हादू, ते फिरतं आसन फोड. पुढच्या पंगतीला आणखी पाट लागतील!"