बकुळेच्या कपाळातला पाहुणा

चला, पाय आत घ्या पांघरुणात. कुणाचं नाक सूं सूं वाजतंय ते मला ठाऊक आहे, पण मी नाव घेणार नाही. चौदा वर्षांच्या घोड्यांना म्हणे आजीची गोष्ट नको असते. नको तर नको, भिंतीकडे तोंड करून झोप बाई. कान कुठं भिंतीकडे करता येतात?

तर ऐका. एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, धुपाचं गाव. रानात हिंडून झाडांची राळ आणायची, गुगुळ आणायचा, कुटायचा, वळायचा, वाळवायचा आणि धूप करून खाली पाठवायचा. लांबलांबच्या देवळांत यांचाच धूप जळायचा. त्या गावात एक रीत होती बरं का. प्रत्येक उंबऱ्याशी एक शेगडी, आणि तिच्यातला धूप कधी विझू द्यायचा नाही. पाऊस असो, लग्न असो, घरात मयत असो, शेगडी चालू. का? तर म्हणे ती विझली की डोंगरातलं काहीतरी घरात शिरतं. काय शिरतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. शेगडी विझवून बघायची कुणाची छाती होती?

मूल जन्मलं की धुरी, दृष्ट लागली की धुरी, पाय मुरगळला तरी धुरीच. खिडक्या ताटलीएवढ्या, त्याही लावलेल्या. बाहेर लख्ख ऊन असलं तरी घरात तिन्हीसांजच. आणि एवढा धूर होतो, तो जातो कुठं, असं त्या गावात कधी कुणी विचारलं नाही. जात असेल आभाळात, असं म्हणून सगळे कामाला लागायचे.

तिथं बकुळा नावाची मुलगी राहायची. वय चौदा. बाप महिना महिना रानात, आणि आई चार वर्षांपूर्वी तापाने गेलेली. घरात ती आणि तिची भागीआत्या. आत्याचा पोरीवर भारी जीव. जीव होता म्हणून तर पुढचं सगळं झालं.

बकुळेचं नाक असं होतं की डोळे मिटून सांगायची, ही राळ ओढ्याकाठच्या झाडाची, ही वरच्या कड्यावरची. पण तिचा सगळ्यात लाडका वास कुठला, ठाऊक आहे? तिच्या आईच्या लुगड्याची एक गोधडी होती. तिच्यात आईचा वास होता. थोडा पिठाचा, थोडा घामाचा, आणि थोडा कशाचा ते सांगता येत नाही. रोज झोपताना बकुळा त्या गोधडीत नाक खुपसायची. आईचा चेहरा आता तिला नीट आठवत नव्हता. आवाजही आठवत नव्हता. वास तेवढा होता.

मग एका थंडीत तिला पडसं झालं. पडसं काय, सगळ्यांना होतं आणि आठ दिवसांत जातं. हिचं जाईना. महिना झाला, दोन झाले, तीन झाले. नाक चोंदलेलं, घशात मागून काहीतरी चिकट उतरतंय, कपाळ पाटा ठेवल्यासारखं जड, गाल ठणकतायत, वरच्या दाढा दुखतायत. कामात लक्ष लागेना. लोक म्हणायचे, पोरगी आळशी झाली. बाहेरून काही दिसत नव्हतं ना, मग दुखतंय हे खरं कुणाला वाटणार? बकुळाही सांगून सांगून कंटाळली आणि गप्प झाली.

एके दिवशी भर दुपारी ती अंगण झाडायला वाकली. वाकली मात्र, कपाळातलं ते जड काहीतरी पुढं सरकलं. आपण कूस बदलतो ना, तसं. आणि आतून आवाज आला.

"बकुळे, मी इथंच आहे."

आवाज तिचाच होता, चोंदलेल्या नाकाचा. पण ती बोलली नव्हती. ती ताठ उभी राहिली, तर आवाज बंद. पुन्हा वाकली, तर पुन्हा.

"जागा छान आहे," तो म्हणाला. "उबदार आहे."

बकुळेच्या हातातला झाडू गळून पडला. पळत जाऊन तिनं आत्याला सांगितलं, माझ्या कपाळात कुणीतरी आहे. आत्या घाबरली. घाबरली की तिथली माणसं काय करायची? धुरी. आत्याने निखाऱ्यावर ओवा टाकला, पोरीच्या डोक्यावर घोंगडी घातली आणि भरपूर धुरी दिली. बकुळा खोकून खोकून लाल झाली. दुसऱ्या दिवशी तिला राळेचा वास येईनासा झाला. ओढ्याकाठची काय नि कड्यावरची काय, सगळी सारखीच.

मग आत्याने राळेची धुरी दिली. तेव्हा जिभेची चव गेली. भाकरी काय, गूळ काय, तोंडात माती.

मग आत्याने गुगुळ जाळला, तोही दुप्पट. त्या संध्याकाळी बकुळेने गोधडीत नाक खुपसलं आणि काहीच नाही. तिनं गोधडी उलटी केली, पदर शोधला, काठ शोधला. काहीच नाही. आई दुसऱ्यांदा गेली होती. ती गोधडी धरून बसून राहिली, आणि कपाळातला तो हळूच म्हणाला, "आणखी धूर दे."

त्यानंतर एकदा दुपारी ती गावातून चालली होती. दारं उघडी होती आणि माणसं आडवी झाली होती. बकुळा एका दाराशी थांबली. आतली बाई तोंड उघडं टाकून झोपली होती. पुढच्या घरातला म्हाताराही तसाच, त्याच्या पुढच्या घरातली पोरंही तशीच. सगळ्यांची तोंडं उघडी. सगळ्यांचा घोरण्याचा ठेकाही एकच. सगळे मिळून श्वास घ्यायचे, सगळे मिळून सोडायचे. उन्हाची तिरीप आत पडली होती, आणि तिच्यात तिला दिसलं की प्रत्येकाच्या तोंडातून एक करडा धागा बाहेर येतोय आणि श्वासाबरोबर परत आत जातोय. तेव्हा तिला कळलं, धूर आभाळात जात नव्हता.

घाबरलात? सरका जवळ. हो, तूही सरक, भिंत काही पळून जात नाही.

मग काय झालं, घरातलं मीठ संपलं. वर्षातून एकदा त्या गावची माणसं घाट उतरून खाडीवर जायची, धूप द्यायची आणि मीठ आणायची. त्या वर्षी आत्याबरोबर बकुळाही गेली. खाडीवर मिठागरं होती, पांढरी स्वच्छ, नुसता वारा. तिथं एक म्हातारी मीठ ओढत होती. पारूमावशी म्हणायचे तिला. आत्या मिठाची गोणी बांधत होती, तेवढ्यात पारूमावशीने बकुळेला जवळ बोलावलं. मडकं घेताना आपण वाजवून बघतो ना, तसं तिनं एका बोटानं पोरीचं कपाळ वाजवलं, मग दोन्ही गाल वाजवले. आवाज बद्द आला.

"बाय, तुझ्या या खोल्या भरल्यात," ती म्हणाली. "कपाळामागं, गालांमागं प्रत्येकाच्या लहान लहान खोल्या असतात. त्या वाऱ्याच्या. वारा आत यायचा आणि बाहेर जायचा. तुझ्याकडं कुणी राहायला आलंय."

बकुळेला रडूच फुटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की हो, आहे.

पारूमावशीने ओंजळभर मीठ फडक्यात बांधून दिलं. म्हणाली, "पाणी चांगलं उकळ. कोमट होऊ दे. चिमूटभर मीठ घाल, आसवांइतकं खारट. मग वाक, मान तिरकी कर, तोंडानं श्वास घे आणि एका नाकपुडीत बारीक धार सोड, दुसरीतून बाहेर येईल. सकाळ-संध्याकाळ. दारातली शेगडी विझवायची. आणि एक लक्षात ठेव, तो निघायला लागला की गोड बोलेल. तेव्हा थांबायचं नाही."

शेगडीचं बकुळेने आत्याला सांगितलंच नाही. सांगायची हिंमत होईना. पाण्याचं तेवढं करू, म्हणाली. पहिल्या दिवशी घाईत मीठ घालायचं विसरली आणि नुसत्याच पाण्याची धार सोडली. अशी आग झाली म्हणता, डोळ्यांपुढे काजवे. आतला खदखदून हसला.

मग तिनं नीट केलं, सांगितलं होतं तसंच. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. दाट, हिरवट काहीतरी बाहेर येऊ लागलं. शी काय, शी? तुमच्या नाकात काय गुलाबपाणी असतं? डोकं हलकं झालं. एक नाकपुडी उघडली. नवव्या दिवशी ती तांब्या घेऊन वाकली, तर तो अगदी हळू, मायेने बोलला.

"बकुळे, तुझ्या आईचा वास माझ्याकडे आहे. मी नीट जपून ठेवलाय. मला घालवलंस तर माझ्याबरोबर तोही जाईल. मग तो तुला कुठंच मिळणार नाही."

बकुळेच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिनं पाणी ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी पाणी तापवलंच नाही. तुम्ही काय केलं असतंत? मीही थांबले असते, खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवस गेले, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा होऊन पसरला. एका डोळ्याभोवती सूज आली. ताप चढला. बकुळेला उठवेना. आत्या वेड्यासारखी झाली. तिनं शेजारपाजारची राळ मागून आणली, टोपली भरून, आणि सगळी निखाऱ्यावर टाकायला निघाली. बकुळेने तिचा हात धरला. आणि इतके महिने जे सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

"आत्या, मला आईचा वास येत नाही गं. तो म्हणतो, तो त्याच्याकडे आहे. आणि त्याला तूच जेवू घालतेस."

आत्याने टोपलीकडे बघितलं. शेगडीकडे बघितलं. पोरीच्या सुजलेल्या डोळ्याकडे बघितलं. सात पिढ्यांत न विझलेली ती शेगडी. हंड्यातून तांब्या तिनं भरून घेतला आणि शेगडीवर ओतला. चर्र झालं. मग घर गप्प झालं. इतकं गप्प की भिंती ऐकतायत असं वाटावं. आत्या पोरीला पोटाशी धरून उंबऱ्याकडे डोळे लावून बसली, आता डोंगरातून काय येतं म्हणून.

आणि आलं. दार हललं. कोपऱ्यातली जळमटं हलली. दोघींच्या कपाळावरचे केस उडाले. वारा आला होता, दुसरं कुणी नाही. सात पिढ्या दाराशी ताटकळलेला.

आत्याने खिडक्या उघडल्या आणि पोरीला पाठीशी बांधून घाट उतरली. खाली एक जाणता वैद्य होता. डोळ्याची सूज बघून तो आत्याला म्हणाला, "बाई, आणखी दोन दिवस थांबली असतीस तर डोळा गेला असता." त्यानं कडू औषध दिलं, नाकात घालायचे थेंब दिले, डोकं उंच ठेवून झोप म्हणाला, आणि मिठाचं पाणी सोडू नको म्हणाला. औषध तीन आठवडे, एकही दिवस न चुकता. पाणी रोज.

कपाळातला तो रोज गोड बोलायचा. आईचा वास, आईचा वास. बकुळेच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि नाकातून पाणी यायचं, दोन्ही खारट, पण तिनं तांब्या खाली ठेवला नाही. रडत रडत करायची. आत्या पाठीवर हात ठेवून उभी असायची.

चाळिसाव्या दिवशी सकाळी ती अंगणातल्या दगडाशी वाकली, धार सोडली, आणि पाण्याबरोबर एक करडा धागा बाहेर आला. लांबच लांब. जमिनीवर पडला नाही तो. हवेत उभा राहिला, माणसाएवढा झाला, आणि त्याला बकुळेचाच चेहरा होता. तिच्याकडे एकदा वळून त्याने पाहिलं. मग कुंपण ओलांडून रानात गेला.

बकुळा पळत घरात गेली आणि गोधडीत तोंड खुपसलं. वास आला. धुराचा. नुसता धुराचा. इतकी वर्षं त्या घरात राहून गोधडीत दुसरं काही उरलंच नव्हतं. तो खरंच घेऊन गेला, म्हणाली ती. खाली बसली, कोपरात तोंड लपवलं आणि रडू लागली.

आणि रडताना तिनं नाकानं श्वास घेतला. पूर्ण, आतपर्यंत. कोपराच्या खळगीत, तिच्या स्वतःच्या कातडीला, थोडा पिठाचा वास होता. थोडा घामाचा. आणि थोडा कशाचा, ते सांगता येत नाही.

ती आत्याकडे गेली आणि हात पुढं केला. म्हणाली, "आत्या, हुंग." आत्याने हुंगलं. कितीतरी वेळ तिनं तो हात सोडला नाही.

मग गावात एकेका घरानं शेगडी अंगणात नेली. धूप करायचे, विकायचे, पण घरात धूर कोंडायचे नाहीत. दुपारी झोपले तर ज्याचा त्याचा ठेका वेगळा झाला. तो पाहुणा पुरता गेला का? नाही. थंडी पडली, पडसं झालं की कुंपणाशी येऊन उभा राहायचा. बकुळा पाणी उकळायला ठेवायची, आणि तो निघून जायचा. अशी ती पुष्कळ वर्षं जगली, सुखात.

झोपली वाटतं छोटी. आणि तू, भिंतीकडे तोंड केलेली, रडतेस की नाक वाजतंय? दोन्ही? बरं. पाणी उकळून झाकून ठेवलंय मी. सकाळी कोमट करून देईन, आणि पाठीवर हात ठेवून उभी राहीन. आता ही दुसरी उशी घे डोक्याखाली, आणि मीट डोळे.