दगडफुलातली दोघं

पूर्वी एक वृद्ध वैद्य डोंगराच्या पायथ्याशी औषधं कुटत, आणि जो येईल त्याला विद्या देत. त्यांची एक शिष्या होती, नुकतीच बाळंतपणातून उठलेली. हाताला गुण होता तिच्या, पण जीव सदा टांगणीला. वैद्यांच्या अंगणात बाळ सासूच्या मांडीवर दिलं, की हात खलात आणि कान अंगणात. सासूचे डोळे अधू. लेकरू घसरलं तर? ते जरा कुरकुरलं की ही हातातलं टाकून धावायची.

एका सकाळी ती वैद्यांच्या पाया पडली. "बाबा, उद्यापासून मी यायची नाही. लेकराचं मलाच करायला हवं. दुसऱ्यावर टाकते ती आई कसली?"

"मी दुसरी होय गं?" अंगणातून सासू म्हणाली. "तुझा नवरा ह्याच मांडीवर वाढला. तो काही सांडला नाही माझ्या हातून!"

वैद्य हसले. मसाल्यासाठी आणलेल्या दगडफुलाचा एक सुका, करडा तुकडा आणि एक सुई त्यांनी शिष्येच्या हाती दिली. "ह्यात दोघं राहतात. त्यांना वेगळं कर, मग खुशाल जा."

तिला काही उमजेना. पण गुरूचा शब्द! बाळ सासूकडे ठेवून ती बसली. सोललं, टोकरलं, खरवडलं. ऊन ओसरीवर चढलं तेव्हा पदरात नुसती पूड उरली होती.

"बाबा, दोघांतलं एकही हाती लागलं नाही."

वैद्यांनी दुसरा तुकडा घेऊन त्यावर पाणी शिंपडलं. करड्या सालीतून हळूहळू हिरवा रंग वर आला.

"ही वरची बुरशी, पोरी, आणि आतलं हिरवं ते शेवाळ. बुरशी घर बांधते, ओल धरते. पण अन्न करणं तिला जमत नाही. शेवाळ उन्हावर अन्न करतं. पण उघड्या कातळावर एकटं वाळून जाईल. म्हणून जिथं गवताची काडी रुजत नाही, तिथं ह्यांचा संसार चालतो. त्यांत उणं कोण, हे कातळ विचारत नाही. तुझ्या सासूचे डोळे अधू आहेत, मांडी नाही."

ती दचकली. एवढ्या वेळात बाळ एकदाही रडलं नव्हतं! धावत अंगणात गेली. बाळ गाढ झोपलेलं, आणि सासूचा तळवा त्याच्या छातीवर, श्वासाबरोबर वरखाली होणारा.

"दिसत नाही ना, म्हणून हातानं बघते," सासू पुटपुटली.

ती उचलायला वाकली होती, तशीच थांबली. "आत्याबाई, राहू दे तुमच्यापाशी. मला आज काढा शिकायचाय."

"जा की! भूक लागली की हाक मारते. तेवढं काही माझ्याच्यानं व्हायचं नाही."

ती हसली, आणि पदर खोचून खलाकडे वळली.