खवले मांजर आणि वणवा

फार वर्षांपूर्वी, डोंगरांना अजून नावं पडली नव्हती तेव्हा, एका कड्याखाली खवली नावाचं खवले मांजर आणि साळू नावाचं साळिंदर शेजारी राहत. संकट आलं की खवली अंगाची गुंडाळी करी आणि साळू काटे उभारी. बिबट्यासुद्धा दोघींना हुंगून निघून जाई.

एका दुपारी वणवा गवत जाळत त्यांच्याकडे आला. साळूने काटे उभारले, खवलीने गुंडाळी केली. वणवा थांबला नाही.

"साळूबाई, हा तुझ्या काट्यांना भीत नाही," गुंडाळीतून आवाज आला.

"आणि तू काय, भाजून घ्यायला पडलीस?"

खवलीचे खवले तापले. छाती धडधडत होती आणि अंग आणखी आवळत होतं. तिने स्वतःला विचारलं, "हा बिबट्या आहे का?" नव्हता. तिने कशीबशी गुंडाळी सोडली आणि वारुळं फोडणारी नखं जमिनीत घातली. धडधड थांबली नव्हती, पण तिच्याच जोरावर नखं भरभर चालली आणि बीळ तयार झालं.

"काटे मिटव आणि आत ये," ती म्हणाली. साळू आत येताच तिने बिळाचं तोंड मातीने बुजवलं. वणवा वरून निघून गेला.

"तुझी भीती गेली तरी कशी?" साळूने विचारलं.

"गेलीय कुठे? छातीला हात लावून बघ."

साळूने हात लावला आणि दोघी हसत सुटल्या.

चार दिवसांनी बिबट्या आला. "खवले, लवकर खण," साळू म्हणाली. खवली तर केव्हाच गुंडाळी करून पडली होती.

"काटे उभार, साळूबाई," ती आतून म्हणाली. "हा बिबट्या आहे."