पाठीवरचा थेंब

फार पूर्वी, घोडी नेणाऱ्या एका गाडीचं पत्र्याचं छत गळायचं आणि थेंब नेमका शेवंती घोडीच्या पाठीवर पडायचा. डांबराचा कुंचला तीनदा छतावर चढला. शेवंतीच्या बरोबर वरचा सांधा त्यानं थापून थापून बुजवला. तरी पाठ ओलीच!

“कुंचलेराव, पुढचा सांधा बघा,” शेवंती म्हणाली. “पाणी तिथून शिरतं आणि पत्र्याखालून ओघळत माझ्यापर्यंत येतं.”

“जन्म गेला माझा छतांवर. तू मला शिकवणार?”

“तुमचा छतावर गेला, माझा छताखाली.”

कुंचला फुरंगटला, पण पुढच्या सांध्यावर त्यानं डांबर फिरवलंच. त्या पावसात शेवंतीची पाठ कोरडी राहिली.

पुढच्या वर्षी कुंचला आला, तो शिडीकडे गेलाच नाही. तो आधी गाडीत शिरला, घोडीशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, “शेवंताबाई, बोला, कुठून येतंय पाणी?”